'विदाउट अ शॅडो ऑफ अ डाउट' कधी, कुठं आणि कसं वापरायचं: नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

इंग्रजी शिकायला लागलं की हा वाक्प्रचार कुठून ना कुठून कानावर येतोच. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत येतो, कोर्टाच्या वेब सिरीजमध्ये येतो, ऑफिसात कुणाचं कौतुक चालू असलं की मॅनेजरच्या तोंडी येतो. अर्थ साधारण सगळ्यांना कळतो, "शंकाच नाही" असं काहीतरी. अडतं ते वापरताना, कारण हा फार जोराचा शब्दप्रयोग आहे, खात्रीचं अगदी शेवटचं टोक, आणि असा शब्द भलत्या जागी पडला की बोलणारा फुशारकी मारतोय असं तरी वाटतं नाहीतर कायद्याबद्दल बोलताना तो चक्क चुकीचं बोलून जातो. मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते आणि कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरंही करते, त्यामुळे हा वाक्प्रचार दोन्ही बाजूंनी सारखा समोर असतो. एका बैठकीत सगळं वाचलं तरी चालेल, पण कोर्टाच्या पायरीवर जरा थांबा, खरा घोळ तिथे आहे.

पायरी १: आधी अर्थ डोळ्यासमोर आणा

इथे 'शॅडो' म्हणजे उन्हात पडते ती सावली नाही, तर एखाद्या गोष्टीचा अगदी पुसटसा अंश. शंका तर नाहीच, शंकेची सावलीसुद्धा नाही, इतकी खात्री. इंग्रजीत 'शॅडो' हा शब्द असा 'जराही' या अर्थाने वापरायची पद्धत बरीच जुनी आहे, १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात देवाबद्दल म्हटलंय की त्याच्या ठिकाणी बदल नाही, वळण्याची सावलीही नाही. अगदी तीच रीत.

मराठीत हे काम आपण सावलीकडून करून घेत नाही. आपल्याकडे तिळमात्र शंका नसते, यत्किंचितही शंका नसते, कणभरही नसते. म्हणून शिकताना 'शॅडो' बरोबर थेट 'तीळ' आठवा. तिळमात्र शंका नाही म्हणजे विदाउट अ शॅडो ऑफ अ डाउट. एवढी गाठ पक्की बसली की अर्ध काम झालं.

पायरी २: तोंडात बसवा

लिहायच्या आधी बोला. आपल्याकडे 'शाडो' म्हणतात, 'शॅडोव' पण म्हणतात, दोन्ही नको. 'शॅडो' म्हणा आणि शेवटचा डब्ल्यू गिळून टाका. 'डाउट' मधला बी पण उच्चारायचा नाही. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच, पुढे विद्वान लोकांनी लॅटिनमधलं मूळ रूप दिसावं म्हणून स्पेलिंगमध्ये बी घातला, उच्चार मात्र लोकांनी बदलला नाही. आणि मधलं 'ऑफ' हे फ ने संपत नाही, ते 'अव्ह' होतं, तेही इतकं हलकं की जवळजवळ ऐकूच येत नाही. जोर दोनच ठिकाणी द्यायचा, 'शॅ' वर आणि 'डाउट' वर, मधलं सगळं पटकन. "शॅडो-अव्ह-अ-डाउट" असं एका दमात म्हणा. प्रत्येक शब्द सुटा सुटा आणि सारख्या वजनाने म्हटला तर समोरच्याला तो पाठ केलेला वाटतो.

पायरी ३: कुठलं रूप घ्यायचं आणि वाक्यात कुठं ठेवायचं

रूपं मुख्य दोन. 'विदाउट अ शॅडो ऑफ अ डाउट' आणि 'बियॉन्ड अ शॅडो ऑफ अ डाउट'. अर्थात फार फरक नाही आणि लोक एकाच्या जागी दुसरं सर्रास वापरतात, पण सवय लावून घ्यायची तर अशी लावा: स्वतःची खात्री सांगायची असेल तेव्हा 'विदाउट', आणि काहीतरी सिद्ध झालं असं सांगायचं असेल तेव्हा 'बियॉन्ड'. "शी इज विदाउट अ शॅडो ऑफ अ डाउट द फास्टेस्ट रनर इन अवर कॉलेज." आणि दुसरीकडे, "द टेस्ट प्रूव्ह्ड बियॉन्ड अ शॅडो ऑफ अ डाउट दॅट द वॉटर वॉज अनसेफ." प्रूव्ह, एस्टॅब्लिश, शो असं क्रियापद दिसलं की 'बियॉन्ड' छान बसतं. 'बियॉन्ड द शॅडो ऑफ अ डाउट' पण चालतं, 'अ' च्या जागी 'द' आल्याने काही बिघडत नाही. 'विदाउट एनी शॅडो ऑफ डाउट' हेही ऐकू येतं, चूक नाही.

चूक कुठे होते? 'शॅडोज ऑफ डाउट्स' असं अनेकवचन करून टाकतात, शंका बऱ्याच नाहीत हे सांगायला, तसं होत नाही. 'विदाउट नो शॅडो' म्हणतात, ते दोनदा नकार झाला. 'शेड ऑफ डाउट' म्हणतात, तेही टाळा, शेड आणि शॅडोचं भांडण पुढे येतंच आहे.

वाक्यातली जागा तीन ठिकाणी मिळते. सुरुवातीला ठेवलं तर पुढे स्वल्पविराम द्या. मध्ये ठेवलं तर दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम दिले की वाचायला सोपं जातं. शेवटी ठेवलं तर सगळ्यात जास्त जोर येतो, कारण आधी विधान ऐकून होतं आणि मग त्याच्यावर शिक्का बसतो: "धिस इज हिज सिग्नेचर, विदाउट अ शॅडो ऑफ अ डाउट." बोलताना मला शेवटची जागा सगळ्यात आवडते, लिहिताना मधली.

पायरी ४: खात्रीची उतरंड समजून घ्या

हा वाक्प्रचार एकटा शिकून उपयोग नाही, त्याच्या खालचे शब्दही माहीत हवेत, कारण रोजच्या बोलण्यात आपल्याला बहुतेक वेळा खालचेच लागतात.

सगळ्यात फसवा आहे तो 'नो डाउट'. आपण त्याचं सरळ 'शंका नाही' करतो आणि तिथेच गडबडतो. इंग्रजीत 'यू आर नो डाउट टायर्ड' याचा अर्थ 'तुम्ही दमलाच असाल' इतकाच होतो, म्हणजे तो अंदाज आहे, खात्री नाही. आणि 'नो डाउट ही इज क्लेव्हर, बट' असं सुरू झालं की समजायचं हुशारी मान्य करून पुढे काहीतरी खोट काढणार आहेत, आपण मराठीत 'हुशार आहे मान्य, पण' म्हणतो तसं. 'डाउटलेस' चंही तेच, शब्दावरून पक्का वाटतो पण बोलताना बऱ्याचदा 'बहुधा' च्या जवळ जातो. खरी खात्री सुरू होते 'देअर इज नो डाउट दॅट' पासून. तिथून वर 'अनडाउटेडली', मग 'विदाउट अ डाउट', आणि एकदम टोकाला शॅडोवालं. आपल्याकडे 'अनडाउटफुली' असाही एक शब्द चालतो, तो अजिबात वापरू नका, नेहमीच्या डिक्शनरीत सहसा मिळणार नाही.

हे सगळं एवढं सविस्तर अशासाठी, की टोकाचा शब्द दर दोन वाक्यांनी वापरला तर त्याची धार जाते. एका मुलाखतीत एकदा, एका निबंधात एकदा, बस झालं.

पायरी ५: 'आय हॅव अ डाउट' ही सवय सोडा, निदान परदेशात तरी

डाउटचा विषय निघालाच आहे तर हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे शाळेपासून 'डाउट' म्हणजे न समजलेला प्रश्न. क्लासमध्ये डाउट सेशन असतं, मुलं सरांकडे डाउट घेऊन जातात, 'मॅडम, एक डाउट आहे' हे तर दिवसातून कितीदा ऐकते मी. भारतात हे इंग्रजी सगळ्यांना समजतं आणि त्यात कमीपणा काही नाही. पण इंग्लंड अमेरिकेत मास्टर्सला गेलेल्या मुलाने प्रोफेसरला "सर, आय हॅव अ डाउट अबाउट युअर लेक्चर" असं म्हटलं तर त्यांच्या कानाला ते 'तुमच्या लेक्चरमधलं मला पटलेलं नाही, विश्वास बसत नाही' असं लागतं. तिकडे डाउट म्हणजे अविश्वास, संशय. प्रश्न असेल तर "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणा, समजलं नसेल तर "कुड यू एक्सप्लेन दॅट अगेन" म्हणा.

हा फरक डोक्यात बसला की शॅडो ऑफ अ डाउट मधला डाउट कोणता तेही लगेच कळतं. तो क्लासमधला डाउट नाही, तो संशयवाला डाउट आहे.

पायरी ६: कोर्टात काय चालतं ते नीट समजून घ्या

आता मुख्य घोळ. सिरीजमध्ये वकील तावातावाने सांगतो की आरोप बियॉन्ड द शॅडो ऑफ डाउट सिद्ध करायला हवा, आणि बघणाऱ्याला वाटतं कायदाच तसा आहे. कायदा तसा नाही. फौजदारी खटल्यात माप आहे 'बियॉन्ड रीझनेबल डाउट', म्हणजे वाजवी संशयापलीकडे. 'वाजवी' या एका शब्दाने सगळं बदलतं.

हा फरक सगळ्यात स्वच्छ सांगितला तो इंग्लंडमध्ये डेनिंग या न्यायाधीशांनी, १९४७ साली, 'मिलर विरुद्ध मिनिस्टर ऑफ पेन्शन्स' या केसमध्ये. गंमत अशी की ती खुनाची वगैरे केस नव्हतीच, एका सैनिकाच्या विधवेच्या पेन्शनची होती, पण त्यात पुराव्याची मापं समजावताना त्यांनी लिहून ठेवलं की वाजवी संशयापलीकडचा पुरावा म्हणजे शंकेच्या सावलीपलीकडचा पुरावा नव्हे. त्यांचं म्हणणं असं होतं की कल्पनेतल्या शक्यतांना जागा देत बसलो तर कायद्याला समाजाचं रक्षणच करता येणार नाही. एखादी शक्यता 'आहे खरी, पण अजिबात संभवत नाही' इतकंच म्हणून बाजूला सारता येत असेल तर गुन्हा सिद्ध झाला असं धरायचं.

आपल्याकडे १८७२ चा पुरावा कायदा होता, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. दोन्हीत 'सिद्ध झालं' याची जी व्याख्या आहे तिच्यात 'रीझनेबल डाउट' हे शब्द नाहीत, तिथे कसोटी आहे ती सुज्ञ माणसाची, की समोरचं सगळं बघून शहाणा माणूस ती गोष्ट खरी धरून चालेल का. वाजवी संशयाचं माप कोर्टांनी निकालांमधून पक्कं केलं. १९७३ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खून खटल्याच्या अपिलात सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याबद्दल फार कळकळीने लिहिलंय. संशयाचा फायदा द्यायचा म्हणून प्रत्येक बारीकसारीक शंकेला कवटाळून बसू नका, आरोपीचा हक्क आहे तो वाजवी संशयावर, असं त्यांनी बजावलं. आणि त्याच निकालात दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली, की आरोपी दोषी 'मे बी' असून भागत नाही, 'मस्ट बी' लागतो, आणि या दोन्हींमधलं अंतर मोठं आहे. इंग्रजी शिकणाऱ्याने तर हे वाक्य व्याकरणाचा धडा म्हणूनही लक्षात ठेवावं, 'मे' आणि 'मस्ट' मध्ये माणसाचं आयुष्य अडकलेलं असतं.

उदाहरण घेऊ, म्हणजे वाजवी संशय आणि सावलीएवढी शंका वेगळी कशी काढायची ते कळेल. समजा एका मेडिकल दुकानात रात्री चोरी झाली. सीसीटीव्हीत चेहरा स्वच्छ दिसतोय, गल्ल्यावर बोटांचे ठसे मिळाले, पंचांसमोर आरोपीच्या घरातून पैशांची पिशवी निघाली तिच्यावर दुकानाचं नाव आहे, आणि पंच कोर्टात आपल्या जबाबावर ठाम राहिले. आता बचावाचा वकील म्हणाला की हुबेहूब याच्यासारखा दिसणारा दुसरा कुणी माणूस असू शकतो, तर ही झाली सावलीएवढी शंका. शक्य आहे, पण तिला आधार काही नाही. कोर्ट तिच्यावर अडून बसणार नाही. पण समजा फुटेज धूसर आहे, ठसे जुळले नाहीत, आणि पंच साक्षीदार कोर्टात फितूर झाला, पंचनाम्यावर सही माझी आहे पण पिशवी माझ्यासमोर निघाली नाही म्हणाला. आता जो संशय उभा राहतो तो वाजवी आहे, तो पुराव्यातूनच वर आलाय, आणि त्याचा फायदा आरोपीला मिळतो. पेपरात दुसऱ्या दिवशी येतं ते 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'.

दिवाणी दाव्यात तर माप आणखी खाली येतं. जमिनीचा वाद, पैशांचा वाद, तिथे दोन्हीपैकी कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय वाटतं तेवढं बघतात, पारडं जरा एका बाजूला झुकलं तरी पुरतं.

एक सूचना, खास कायद्याच्या विद्यार्थ्यांना आणि कोर्टाच्या बातम्या लिहिणाऱ्यांना. आपल्याकडच्या इंग्रजी निकालांत आणि युक्तिवादांत 'बियॉन्ड द शॅडो ऑफ रीझनेबल डाउट' असं जोडकाम बरेचदा दिसतं. ते दोन वेगळी मापं एकत्र चिकटवलेलं आहे, वाजवी संशयाच्या सावलीपलीकडे म्हणजे नक्की किती पलीकडे हे कुणालाच सांगता येणार नाही. निकालातलं जसंच्या तसं उद्धृत करायचं असेल तर करा, पण स्वतः लिहिताना 'बियॉन्ड रीझनेबल डाउट' एवढंच लिहा. याबाबतीत मी आग्रही आहे, कारण सामान्य माणूस बातमी वाचून न्यायाबद्दल मत बनवतो, आणि त्याला जर सांगितलं गेलं की सावलीएवढीही शंका चालत नाही तर शिक्षा झालेल्या प्रत्येक निकालात त्याला काहीतरी काळंबेरं दिसायला लागेल.

क्रिकेट बघणाऱ्यांना 'बेनिफिट ऑफ द डाउट' आधीच माहीत असतं, कॅच जमिनीला टेकला की नाही कळत नसेल तर फलंदाजाला सोडायचं ही जुनी रीत. आयसीसीने जून २०२३ पासून मैदानावरच्या अंपायरचा सॉफ्ट सिग्नल, म्हणजे थर्ड अंपायरकडे विचारताना आधी सांगायचा स्वतःचा अंदाज, बंद केला, त्यामुळे आता थर्ड अंपायरच काय ते रिप्ले बघून ठरवतो. कॉमेंटेटर 'आउट, विदाउट अ शॅडो ऑफ अ डाउट' म्हणतो तेव्हा मात्र तो कायद्याचं माप लावत नसतो, तो स्वतःची खात्री सांगत असतो, आणि तिथे हा वाक्प्रचार एकदम योग्य आहे.

पायरी ७: कुठं वापरायचा, कुठं हात आखडता घ्यायचा

दुसऱ्याचं कौतुक करताना बिनधास्त वापरा. शिफारसपत्रात, निरोप समारंभाच्या भाषणात, मित्राबद्दल सांगताना शोभतो. स्वतःबद्दल नको. कव्हर लेटरमध्ये 'आय अॅम विदाउट अ शॅडो ऑफ अ डाउट द बेस्ट कँडिडेट' असं लिहिलं की वाचणारा तिथेच नाराज होतो, त्यापेक्षा तुम्ही काय काम केलंय ते दोन ओळीत लिहा.

आयईएलटीएसच्या निबंधात मुलं पहिलंच वाक्य 'इट इज बियॉन्ड अ शॅडो ऑफ डाउट दॅट टेक्नॉलॉजी हॅज चेंज्ड अवर लाइव्ह्ज' असं टाकतात, क्लासवाल्यांनी दिलेलं असतं. नका टाकू. निबंधात तुम्ही मत मांडताय, त्याला दुसरी बाजू आहे असं प्रश्नातच म्हटलेलं असतं, आणि तुम्ही सुरुवातीलाच शंकेची सावलीही नाही म्हणून मोकळे होता. शिवाय पाठ केलेलं वाक्य लगेच ओळखू येतं. रिसर्च पेपरमध्ये तर अजिबातच नको, तिथे 'द रिझल्ट्स सजेस्ट', 'स्ट्राँगली इंडिकेट' असं जपून बोलायची पद्धत आहे. ऑफिसच्या मेलमध्ये एखाद्या बगचं कारण कळवताना पण विचार करून, कारण उद्या कारण दुसरंच निघालं तर तुमचं ते वाक्य सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पडून असतं.

पायरी ८: मराठीत आणताना सावली सोडून द्या

भाषांतर करणाऱ्यांनी 'संशयाच्या सावलीपलीकडे' असं लिहू नये अशी माझी विनंती आहे, वर इंग्रजीचा अर्थ सांगताना मला लिहावं लागलं ते वेगळं. बोलीत 'वादच नाही', 'प्रश्नच नाही', 'शंभर टक्के' आहे. लिखाणात 'निःसंशय', 'निर्विवाद', 'तिळमात्र शंका नाही', 'शंकेला जागाच नाही' आहे. कोर्टातल्या 'बियॉन्ड रीझनेबल डाउट' साठी मात्र 'संशयातीत' रूढ आहे. एवढं सगळं घरात असताना उसनं कशाला. 'काळ्या दगडावरची रेघ' मात्र इथे नेहमी बसत नाही, ती दिलेल्या शब्दाची किंवा भाकिताची खात्री देते, पुराव्याची नाही.

'संशयाच्या भोवऱ्यात सापडला' याला मात्र शॅडो ऑफ अ डाउट चालणार नाही, तिथे 'अंडर अ क्लाउड' म्हणतात, ढगाखाली.

पायरी ९: शॅडोची बाकीची भावंडं

एक वाक्प्रचार आला की आजूबाजूचे लगेच शिकून घ्यावेत, पण यातल्या एकापासून मराठी माणसाने फार जपून राहायचं आहे, तो म्हणजे 'इन समवन्स शॅडो'. आपल्याला सावली म्हणजे आधार. आईच्या सावलीत वाढणं, मोठ्या भावाची छत्रछाया असणं, कुणीतरी सावलीसारखं पाठीशी उभं राहणं, सगळं मायेचं. म्हणून मुलाखतीत वडिलांबद्दल कृतज्ञता सांगताना कुणी "आय ग्र्यू अप इन माय फादर्स शॅडो" म्हणतो, मनात भाव असतो की वडिलांनी सांभाळलं, आणि इंग्रजी ऐकणाऱ्याला ऐकू येतं की वडील इतके मोठे होते की मला कुणी विचारलंच नाही, मी झाकोळून गेलो. अगदी उलट. झाकोळणं हाच त्याचा नेमका मराठी अर्थ. माया सांगायची असेल तर 'अंडर माय फादर्स केअर' किंवा 'अंडर हिज विंग' म्हणा, तिथे सावलीच्या जागी पंख येतो.

तसंच शेड आणि शॅडो. मराठीत झाडाची पण सावली आणि आपली पण सावलीच. इंग्रजीत झाडाखालचा गारवा म्हणजे शेड, आणि जमिनीवर पडलेला आपला काळा आकार म्हणजे शॅडो. उन्हातून आल्यावर "लेट्स सिट इन द शेड" म्हणायचं, शॅडो नाही. 'थ्रो शेड' हे मात्र अजून तिसरंच, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स लोकांच्या बॉलरूम संस्कृतीतून आलेलं, मेरियम वेब्स्टर डिक्शनरीत २०१७ साली घेतलेलं. अर्थ खवचट टोमणा मारणे. त्यात सावलीही नाही आणि झाडही नाही.

'अ शॅडो ऑफ हिज फॉर्मर सेल्फ' म्हणजे पूर्वीचा तो राहिला नाही, रया गेली. आजारपणाने खंगलेल्या माणसाबद्दल म्हणतात, डबघाईला आलेल्या टीमबद्दल किंवा कंपनीबद्दल पण म्हणतात. 'अफ्रेड ऑफ हिज ओन शॅडो' तर आपल्याकडे जसंच्या तसं आहे, स्वतःच्या सावलीला घाबरणारा. 'फाइव्ह ओ क्लॉक शॅडो' म्हणजे सकाळी दाढी केली तरी संध्याकाळपर्यंत गालावर उगवणारी काळपट झाक, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या २६ सप्टेंबर १९६० च्या केनेडी निक्सन टीव्ही डिबेटमध्ये निक्सनच्या चेहऱ्यावर दिसलेल्या अशाच झाकेबद्दल आजही लिहिलं जातं.

आणि हिंजवडीत किंवा कुठल्याही आयटी पार्कमध्ये नव्याने लागलेल्यांनी 'शॅडो करणे' हे पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या. नॉलेज ट्रान्सफर चालू असताना आधी तुम्ही जुन्या माणसाचं काम नुसतं शेजारी बसून बघता, ते शॅडोइंग. मग काम तुम्ही करता आणि तो बाजूला बसून बघतो, ते रिव्हर्स शॅडोइंग. शाळेत स्पेशल मुलासोबत पूर्णवेळ बसणाऱ्या बाईंना 'शॅडो टीचर' म्हणतात ते याच अर्थाने, सोबत राहून सांभाळणं, इथे इंग्रजी शॅडो आपल्या सावलीच्या जरा जवळ येते. राजकारणात 'शॅडो कॅबिनेट' असतं, ब्रिटनमध्ये विरोधी पक्ष प्रत्येक मंत्र्यावर नजर ठेवायला आपला एक माणूस नेमतो, आणि महाराष्ट्रात मनसेने ९ मार्च २०२० ला नवी मुंबईत आपली शॅडो कॅबिनेट जाहीर केली तेव्हा हा शब्द घराघरात पोचला.

पायरी १०: सराव

खाली उत्तरं लगेच दिली आहेत, पण आधी उत्तरावर हात ठेवा आणि स्वतः मोठ्याने बोलून बघा.

"ती आमच्या टीममधली सगळ्यात भारी टेस्टर आहे, वादच नाही." इथे बिनधास्त वापरा: "शी इज, विदाउट अ शॅडो ऑफ अ डाउट, द बेस्ट टेस्टर ऑन अवर टीम."

"तुम्ही प्रवासाने दमला असाल." हा अंदाज आहे, म्हणून "यू आर नो डाउट टायर्ड आफ्टर द जर्नी." शॅडो आणू नका.

"सर, तिसऱ्या गणितात एक डाउट आहे." "सर, आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द थर्ड प्रॉब्लेम."

"गुन्हा संशयातीत सिद्ध झाल्याने कोर्टाने त्याला दोषी ठरवलं." "द कोर्ट कन्व्हिक्टेड हिम बिकॉज द चार्ज वॉज प्रूव्ह्ड बियॉन्ड रीझनेबल डाउट." इथे शॅडो आली तर उत्तर चूक धरा.

"त्या आजारपणानंतर काकांची पार रया गेली." "आफ्टर दॅट इलनेस, अंकल वॉज अ शॅडो ऑफ हिज फॉर्मर सेल्फ."

"आजोबांच्या सावलीत आमचं बालपण गेलं." हे सगळ्यात अवघड. "वी ग्र्यू अप अंडर अवर ग्रँडफादर्स लव्हिंग केअर." 'शॅडो' म्हटलं असेल तर पायरी नऊ परत वाचा आणि मग आपल्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाबद्दल असंच एक वाक्य स्वतः तयार करा.